टप्प्याला अर्धं बोट

विहिरीत सोडलेली बादली आता बुडत नव्हती. तळाच्या गाळावर ती आडवी पडायची. दोर हलवून हलवून भरावी लागायची, आणि वर येईपर्यंत त्यात निम्मा चिखल असायचा. दिवसाला साठ बादल्या निघत. लिंबाची झाडं होती दोनशे वीस, बावीस ओळी, ओळीत दहा. सून रोज सहा ओळींना पाणी घालायची. पहिल्या ओळीची पाळी पुन्हा येईपर्यंत तिची पानं आतल्या बाजूला वळलेली असत, हातात घेतली की कागदासारखी वाजत.

झाडं तीन वर्षांची होती. पुढच्या हंगामात पहिलं फळ धरणार होती. ती लावली त्याच वर्षी तिचा नवरा खडी क्रशरवरून परत आला होता. डॉक्टरने छातीचा फोटो खिडकीवर धरून दाखवला होता. "ही पांढरी जाळी दिसते ना, हा दगड आहे. आणखी दोन हंगाम तिथे काढलेत तर पुढचा फोटो काढायला येऊच नका."

नवरा बाहेर येऊन हसला होता. "फुकटची खडी आणलीय छातीत भरून. घर बांधायला काढा."

हसता हसता त्याला खोकला आला आणि तो भिंतीला धरून उभा राहिला. त्या दिवसापासून घरात क्रशर हा शब्द कुणी काढत नव्हतं. झाडं जगली तर काढायची गरजही नव्हती.

सासऱ्यांना सगळे पाटकरी म्हणत. डोंगराच्या कडेने वरच्या गावच्या लोकांचा जुना दगडी पाट जात होता. त्याची दारं उघडण्या-मिटण्यात त्यांची तीस-बत्तीस वर्षं गेली होती. आता ते काम दुसऱ्याकडे होतं. गळ्यात दाराची किल्ली बांधून हिंडतो म्हणून त्याला चावीवाला म्हणत. पाटकरी त्याच्याच बरोबर वरच्या लोकांकडे गेले आणि पाण्यासाठी हात जोडून उभे राहिले.

"आमच्या पाटाला हात लावायचा नाही," वरचे म्हणाले. "बंधाऱ्यावरून सांडून खालच्या खड्ड्यात पडतं, ते ओढ्याने वायाच जातं. ते न्या. आजपासून एकतिसाव्या दिवशी तलावाचं पाणी सुटेल. पाच दिवस सांडेल. तोवर तुमचा पाट झाला तर तुमचं नशीब. त्याच्या पुढचं पाणी दोन महिन्यांनी."

दोन महिन्यांनी झाडं सरपणाला झाली असती.

पहिल्या दिवशी पाटकऱ्यांनी सगळं मोजून घेतलं. दहा पावलांचा एक टप्पा. बंधाऱ्यापासून त्यांच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत एकशे वीस टप्पे. जुना पाट टप्प्याला एक बोट उतरत होता. "या मातीला एवढाच उतार मानवतो," ते म्हणाले. "जास्त दिलात तर पाणी पळतं, तळ खातं. कमी दिलात तर बसून राहतं, गाळ धरतं. जुना पाट आपला साक्षीदार. त्याच्या खालून, त्याच्या संगतीने जायचं."

खड्डा जुन्या पाटाच्या तोंडापेक्षा दीड हात खाली होता, म्हणजे छत्तीस बोटं. शेताचा कोपरा जुन्या पाटाच्या तोंडापेक्षा एकशे साठ बोटं खाली.

सून बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली होती. तिने खताच्या पिशवीचा कागद उलटा करून त्यावर दोन रेषा काढल्या. आडवे टप्पे, म्हणजे x. खाली जाणारी बोटं, म्हणजे y. जुना पाट y = x. आपला पाट त्याला समांतर, चढ तोच, फक्त सुरुवात छत्तीस बोटं खाली, म्हणून y = x + ३६. एकशे विसाव्या टप्प्याला एकशे छप्पन्न.

"कोपऱ्यापेक्षा चार बोटं वर येतंय, मामंजी."

"चारच," पाटकरी कागदाकडे न बघता म्हणाले. त्यांनी ते बोटांच्या पेरांवर मोजलं होतं. मग थोडे खूश झाले. "म्हणजे तुझा कागद खोटं बोलत नाही तर."

"मास्तरीणबाई आहेत," नवरा म्हणाला. "आता कुदळ पण कागदावर चालवा म्हणावं."

"तू चालव आधी," सासूबाई म्हणाल्या, आणि घमेलं उचललं.

काम असं चाले. दोन बांबूच्या काठ्या, दोन्हींवर एकाच उंचीला खिळ्याने ओढलेली खूण. मधे पाणी भरलेली नळी. मागे खणलेल्या तळावर पाटकरी काठी धरून उभे राहत, पुढे सून. नळीतलं पाणी मागच्या खुणेला लागलं की ते "हं" म्हणत. पुढे तेच पाणी खुणेच्या एक बोट वर दिसेपर्यंत नवरा खणत राही. दहा घाव घातले की तो टिकावाच्या दांड्यावर कपाळ टेकून श्वास गोळा करी, आणि कुणी त्याच्याकडे बघत नसे. सासूबाई माती उचलून खालच्या अंगाला टाकत. दिवसाला चार टप्पे व्हायचे. व्हायलाच हवे होते.

सकाळी कामाला हात लावण्याआधी पाटकऱ्यांचा एक नेम होता. दोन्ही काठ्या सपाट दगडावर शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि खुणा जुळतात का बघायचं. "काठी किती उंच याला काही महत्त्व नाही," ते म्हणायचे. "दोघी सारख्या हव्यात. जावाजावांसारख्या नकोत."

"माझ्याकडे बघून कशाला म्हणता?" सासूबाई म्हणायच्या.

चाळीस टप्पे असे झाले. दहाव्या दिवशी संध्याकाळी वरून सुटलेला एक धोंडा पाटकऱ्यांच्या उजव्या पावलावर आला.

 ते खाली बसले, आणि चप्पल काढता येईना. घोटा सुजून घागरीच्या बुडासारखा झाला. सासूबाईंनी फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी ते ठरल्या वेळी काठी घेऊन जागेवर हजर होते.

"दुखतंय का?" नवऱ्याने विचारलं.

"काय दुखायचंय? तू तुझं खण."

पण सुनेला पुढून सगळं दिसत होतं. ते काठी धरून उभे नव्हते, काठीने त्यांना धरलं होतं. दोन्ही पंजे काठीवर, सगळा भार तिच्यावर, उजवं पाऊल जमिनीला नुसतं लागलेलं. त्या सकाळी ती आपली काठी घेऊन दगडापाशी गेली होती. त्यांची मागायला तिने हात पुढे केला, आणि त्यांचे पंजे घट्ट झालेले तिला दिसले. काठी दिली असती तर ते सगळ्यांसमोर पडले असते. तिने हात मागे घेतला.

"जुळतात, मामंजी," ती म्हणाली.

"हं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. तिसऱ्या दिवसापासून म्हणायचीही गरज उरली नाही.

तेविसाव्या दिवशी दुपारपर्यंतच ब्याण्णव टप्पे झाले होते. दुपारी सासूबाईंनी घरून जेवणाचं गाठोडं आणलं. मुंग्या लागू नयेत म्हणून ते रोज जुन्या पाटाच्या दगडी काठावर ठेवत; हल्ली सासूबाईच वरून ठेवायच्या, आज त्यांनी ते खाली सुनेकडे दिलं. सून तळात उभी होती. तिने गाठोडं घेतलं, हात वर केला आणि काठ सापडेना. तिने वर पाहिलं. काठ तिच्या डोक्याच्याही वर होता. टाचा उंचावून तिने गाठोडं सरकवलं. ते पुरतं बसलं नाही, घरंगळून खाली आलं, आणि कालवण तळातल्या मातीत सांडलं.

"हाताला भोकं पडलीत का?" सासूबाई ओरडल्या.

 पहिल्या आठवड्यात हाच काठ तिच्या छातीला लागायचा. कोपर न उचलता ती गाठोडं ठेवायची. ती काठाकडे बघत राहिली. ती काही बुटकी झाली नव्हती.

"मी आले," म्हणून ती तळातून मागे चालू लागली.

चालताना तिने नळी घेतली होती. दर दहा टप्प्यांनी ती वर चढून जुन्या पाटाच्या कोरड्या तळातून नळी धरे आणि खालच्या आपल्या तळापर्यंतची बोटं मोजे. ब्याण्णवला बासष्ट. ऐंशीला छप्पन्न. साठला सेहेचाळीस. पन्नासला एक्केचाळीस. चाळिसाला छत्तीस. तिसाला छत्तीस. विसाला छत्तीस. तिथे ती पाटाच्या काठावर बसली. ऊन डोक्यावर होतं. चाळिसापर्यंत दोन रेषा नीट शेजारी चालल्या होत्या. मग एक हळूहळू वाकत गेली होती, दर टप्प्याला अर्धं बोट, कुठेही न चुकता. माणूस चुकला तर कधी जास्त चुकतो, कधी कमी. इतकं सारखं फक्त हत्यार चुकतं.

परत आली तेव्हा चावीवाला जुन्या पाटावर उकिडवा बसून नवऱ्याशी बोलत होता.

"खोल चाललाय बरं का तुमचा पाट," तो म्हणाला. "विहीर खणताय की काय आडवी?"

"तुझ्या पाण्याची भीती वाटते, म्हणून लपवून नेतोय," नवरा म्हणाला.

सून पाटकऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. ते एका ढेकळावर बसले होते, काठी गुडघ्यांवर आडवी. तिने आपली काठी सपाट दगडावर उभी केली आणि हात पुढे केला. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी दिली.

तिने दोन्ही शेजारी ठेवल्या. त्यांच्या काठीची खूण अर्धं बोट खाली होती. काठीचं टोक कोयत्याने नीट तासलेलं होतं. तासलेला भाग अजून पिवळा होता.

"कधी?" नवऱ्याने विचारलं. 

"टोक फाटलं होतं," पाटकरी म्हणाले. "धोंडा पडला त्या रात्री तासलं. अर्धंच बोट गेलं. अर्ध्या बोटाने काय होतंय?"

"एकदाच गेलं असतं तर काही झालं नसतं, मामंजी," ती म्हणाली. "सुरुवात अर्धं बोट खाली गेली असती, तेवढंच. पण ही काठी प्रत्येक टप्प्याला टेकली. प्रत्येक टप्प्याला अर्धं बोट जास्त खणलं गेलं."

पाटकऱ्यांचा अंगठा पेरांवरून सरकायला लागला. सगळे तो अंगठा बघत होते.

"बावन्न टप्पे," ते म्हणाले. "सव्वीस बोटं."

चावीवाला उठला.  नवरा त्याच्या मागे दहा पावलं गेला. सुनेला ऐकू येत होतं.

"क्रशरची गाडी कधी येते?"

"पाणी सुटेल त्याच दिवशी. सकाळी, मोठ्या रस्त्यावर."

"मुकादमाला सांग, एक जागा धर म्हणावं."

सासूबाईंनी मातीतलं जेवण ओंजळीने उचलायला घेतलं. "काठी माझ्या चुलीपाशी तासत होते," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "मला म्हणाले, कुणाला बोलू नकोस. मी म्हटलं, एवढंसं लाकूड, त्यात काय बोलायचं? जाळलं."

"मी पण बघायचं सोडलं होतं, आत्याबाई," सून म्हणाली. "जुळतात म्हणाले, न बघता."

"खोटं बोललीस?" नवऱ्याने मागे येत विचारलं.

"त्यांना उभं राहता येत नव्हतं."

नवऱ्याने टिकाव फेकला. तो खणखणत उताराने खाली गेला आणि एका झुडपात अडकला. मग त्यालाच खाली उतरून तो आणावा लागला, आणि वर येईपर्यंत त्याला इतका खोकला आला की त्याने तळातच बसून टिकाव पोटाशी धरला.

"भरून काढू," तो श्वास जागेवर आल्यावर म्हणाला. "जास्त खणलंय ना? भरू. माती इथेच पडलीय."

"भरलेला तळ पाणी धरत नाही," पाटकरी म्हणाले.

"चोपून चोपून भरू. तुम्ही नका बोलू आता."

बापाशी तो असं कधी बोलला नव्हता. पाटकऱ्यांनी मान खाली घातली.

त्या दुपारी आणि पुढचा पूर्ण दिवस त्यांनी भर घातली. कोरडी माती चोपायच्या धुम्मसाखाली उडायची, बसायची नाही. ओली हवी होती. ओली करायला पाणी हवं होतं. सुनेने विहिरीच्या साठ बादल्या काढून इकडे आणल्या. सासूबाई आणि ती, एकीच्या पाठी एक, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर बादली. झाडांच्या शेजारून जाताना ती झाडांकडे बघत नव्हती. नवरा धुम्मस उचलायचा आणि सोडायचा. प्रत्येक आपटीबरोबर त्याच्या छातीतून शिट्टी वाजायची. संध्याकाळी तीन टप्पे भरून झाले होते, बावन्नातले तीन. पाटकऱ्यांनी त्यावर एक बादली ओतायला सांगितली. पाणी क्षणभर चमकलं, मग मधोमध एक भेग पडली आणि ते त्या भेगेत गेलं. भर बाजूने ढासळली.

"सपाट नेऊ मग," नवरा म्हणाला. तो तिथेच आडवा झाला होता. "आता कोपऱ्याला सहा बोटं उतार उरलाय. अठ्ठावीस टप्प्यांत सहा बोटं. येईल की पाणी ढकलत ढकलत."

"येईल," पाटकरी म्हणाले. "मुंगीच्या पावलाने येईल. पहिल्या दिवशी गाळ, दुसऱ्या दिवशी डबकं. तिसऱ्या दिवशी काठ फुटेल."

"मग काय करू ते तरी सांगा!"

 पाटकऱ्यांनी हाताने घोटा चोळला. फडक्याखाली तो काळा पडला होता.

पंचविसाव्या दिवशी सकाळी कुणी कामाला निघालं नाही. नवरा ओट्यावर बसून जुने बूट पुसत होता, क्रशरचे बूट. त्यांच्या शिवणीत अजून पांढरी पूड होती. सासूबाई त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत होत्या आणि घासलेलंच पुन्हा घासत होत्या.

सुनेने खताच्या पिशवीचा कागद काढला. तिच्या दोन रेषा अजून तिथे होत्या, शेजारी शेजारी, एकमेकींना कधीही न भेटणाऱ्या. तिने चाळिसापासून तिसरी काढली, वाकलेली, ब्याण्णवपर्यंत. टोकाला ठिपका दिला. ब्याण्णव, एकशे चोपन्न. तो ठिपका आता कुणाला उचलता येणार नव्हता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. आत्तापर्यंत ती एकच प्रश्न सोडवत होती, या ठिपक्यापासून मूळ रेषेवर परत कसं जायचं. परत जाता येत नव्हतं. पण ठिपका कुठेही असला तरी त्याच्यातून जुन्या पाटाला समांतर एक रेषा निघतेच. एकच निघते. चढ तोच, एक. एकशे चोपन्न वजा ब्याण्णव. बासष्ट.

y = x + ६२, तिने लिहिलं. एकशे विसाव्या टप्प्याला एकशे ब्याऐंशी.

कोपरा एकशे साठला. बावीस बोटं वर.

ती उठली आणि नळी घेऊन शेतात गेली. पाटकरी लंगडत मागून आले. शेताची कड वरून खाली उतरत जात होती, ओळीला तीन बोटं. तिने कडेने एकेक ओळ मोजली. आठव्या ओळीला पाणी एक बोटाने पोचत नव्हतं. नवव्याला पोचत होतं.

"नवव्या ओळीपासून खाली सगळं भिजेल," ती म्हणाली. "चौदा ओळी. एकशे चाळीस झाडं."

"आणि वरच्या आठ?"

ती नळी गुंडाळू लागली. वरच्या आठ ओळी सगळ्यात आधी लावलेल्या होत्या. आजाराने उठताबसता नवऱ्याने त्यांचे खड्डे खणले होते, दिवसाला दोन. घराच्या दारातून दिसत त्या त्याच ओळी.

पाटकरी पहिल्या ओळीच्या टोकाशी कडेवर थांबले. काठी टेकून त्यांनी खाली, जिथून पाट येणार होता तिकडे बघितलं, आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"बावीस बोटं," ते म्हणाले. "चल. सहा दिवस उरलेत."

निघण्याआधी तिने कोयता घेतला आणि दगडावर बसून आपल्या काठीचं टोक तासलं. अर्धं बोट. मग दोन्ही शेजारी उभ्या केल्या. खुणा जुळल्या.

"दुसरा बांबू होता की घरात," पाटकरी म्हणाले. "मला लांब काठी द्यायची."

"तुमच्या हाताला हीच बसलीय," ती म्हणाली.

त्यांनी तोंड फिरवलं. 

सहा दिवसांत अठ्ठावीस टप्पे. नवऱ्याने बूट ओट्यावर ठेवले होते, फेकले नव्हते. तो खणत होता, पण बापाशी बोलत नव्हता. "हं" ऐकलं की टिकाव मारायचा, एवढंच. रोज सकाळी काठ्या दगडावर उभ्या राहत. पाटकरी आपली काठी आपणहून देत, आणि तेवढा वेळ सासूबाई त्यांच्या बगलेत हात घालून उभ्या राहत. "तीस-चाळीस वर्षांत असा हात नाही धरला," त्या पुटपुटायच्या. "धोंडा पडायची वाट बघत होतात का?"

उरलेल्या वेळात पाटकरी त्या बावन्न टप्प्यांत बसून असत. तिथे उतार दीडपट होता, पाणी पळणार, तळ खाणार. बसल्या बसल्या मागे सरकत ते तळाला चपटे दगड लावत. धोतराची मागची बाजू मातीने फाटली. एकदा चावीवाला वरून म्हणाला, "काका, फरशी बसवताय? लग्न आहे का पाटाचं?"

"तू दगड दे चार," ते म्हणाले. चावीवाल्याने जुन्या पाटाच्या कडेचे मोकळे दगड पायाने खाली ढकलले. चार नाही, पुष्कळ ढकलले.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाट नवव्या ओळीला भिडला. पाटकऱ्यांनी मुलाला हाक मारली. पाच दिवसांत पहिल्यांदाच.

"वरच्या कोपऱ्यापाशी, पाटाच्या काठाला, मला एक खाच खणून दे. बसता येईल एवढी."

"कशाला?"

"बसायला."

त्याने दहा-वीस घाव घातले, एक धोंडा लोटून दिला आणि निघून गेला.

एकतिसाव्या दिवशी सकाळी मोठ्या रस्त्यावर गाडी येऊन थांबली. इथून ती काडेपेटीएवढी दिसत होती. नवऱ्याने बूट घातले. त्याचं गाठोडं सासूबाईंनी बांधून दारात ठेवलं होतं. तो ते उचलणार, तेवढ्यात सून ओरडली.

पाणी आलं होतं. आधी काडीकचरा आला, पुढे ढकललेली कोरडी पानं आणि मुंग्या, मग तपकिरी फेस, आणि मग पाणी. ना पळत, ना रेंगाळत, चालत्या माणसाच्या चालीने. नवव्या ओळीपाशी ते वळलं. पहिल्या झाडाच्या आळ्यात शिरलं, भेगांत उतरलं, तिथे बुडबुडे आले. सून गुडघ्यांवर बसली आणि तिने त्यात हात घातला.

वरच्या आठ ओळी कोरड्या होत्या. त्यांची पानं सकाळच्या वाऱ्यात वाजत होती.

पाटकरी कोपऱ्यापाशी खाचेत उतरले आणि धोंड्यावर बसले. पाणी त्यांच्या पायांशी होतं. पहिल्या ओळीची जमीन त्यांच्या बगलेला येत होती. त्यांनी धोतराच्या ओच्यातून एक तेलाचा रिकामा डबा काढला. त्याला खिळ्याने लाकडाची मूठ मारलेली होती. वाकून त्यांनी तो पायांशी बुडवला, उचलला, बगलेच्या उंचीवर रिकामा केला. पाणी पहिल्या ओळीच्या सरीत पडलं, वीतभर पुढे गेलं आणि मातीत मुरलं. त्यांनी पुन्हा डबा बुडवला.

"मामंजी," सून धावत आली. "एका झाडाला असे पंचवीस-तीस डबे लागतील. ऐंशी झाडं आहेत."

"पाच दिवस आहेत."

"तुम्हाला नाही झेपायचं."

"उभं राहायचं कुठे आहे?" ते म्हणाले. "माझ्यामुळे पाणी बावीस बोटं खाली राहिलं. चढवायचं कुणी?"

रस्त्यावर गाडीने हॉर्न दिला. नवरा कडेवर उभा होता, पायात बूट, वरून बापाच्या डोक्याकडे बघत. डबा बुडत होता, येत होता. दहाव्या डब्याला म्हाताऱ्याच्या दंडाची कातडी थरथरायला लागली. विसाव्याला डबा अर्धाच भरून येऊ लागला. पहिल्या झाडाचं आळं जेमतेम काळं झालं होतं.

हॉर्न पुन्हा वाजला. नवऱ्याने हात वर केला. या म्हणून केला की जा म्हणून, ते गाडीवाल्याला तिथून कळलं नसेल. गाडी थोडा वेळ थांबली आणि मग निघाली. पुढच्या हप्त्यात ती पुन्हा येणारच होती.

नवरा खाली बसला. बुटाच्या नाड्या सोडायला त्याला वेळ लागला.

"सरका तिकडे," तो बापाला म्हणाला. "दुसरा डबा आहे का?"

सासूबाईंनी दारातलं गाठोडं उचललं. सोडलं नाही. उचलून फक्त आत ठेवलं, दाराच्या मागे, हाताशी येईल असं.